सर्दी कुणामुळे झाली

आमच्या घरात सर्दी होत नसे, ती कुणीतरी केलेली असायची. कुणी केली हे शोधून त्याला बडवल्याशिवाय वडिलांच्या घशाखाली कॉफी उतरत नसे.

मी तंजावरची. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इथे आले आणि इथलेच झाले. घरात जी मराठी उरली आहे ती ऐकून पुण्याकडचा माणूस आधी हसतो आणि मग पुन्हा बोलायला लावतो. ही लिपी मला वडिलांनी शिकवली, अर्थात पट्टीने. ते शाळामास्तर होते. घरातल्या बाकी कुणाला नागरी वाचता येत नाही, म्हणून हे मी बिनघोर लिहिते आहे.

आमच्याकडे डोक्याला तेल लावून न्हाण्याचे वार ठरलेले. बायकांचे मंगळवार-शुक्रवार, पुरुषांचे बुधवार-शनिवार. न्हाणं झालं की निखाऱ्यावर सांब्राणी, म्हणजे ऊद, टाकायची आणि केस त्या धुरावर धरायचे. वार चुकला, वेळ चुकली किंवा धूर राहून गेला की सर्दी होणारच, हे वडिलांच्या लेखी सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. इथे तमिळमध्ये सर्दीला जलदोषम म्हणतात, म्हणजे दोष पाण्याचा. वडिलांना मात्र पाण्याला मारता येत नसल्यामुळे ते आम्हाला मारत.

कुणी शिंकलं की मागच्या पडवीत चौकशी बसे. डोकं कुणी भिजवलं? ओल्या लादीवर कोण झोपलं? संध्याकाळी केळं कुणी खाल्लं? दही? पेरू? एकदा पोंगलच्या सुमारास माझा मोठा भाऊ शिंकला. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. वडिलांनी त्याचा कान पिळून जीभ बाहेर काढायला लावली. जीभ भडक गुलाबी निघाली, म्हणजे ऐसफ्रूट, काडीवरचं रंगीत बर्फ, खाल्लेलं. पट्टी त्याच्या पाठीवर मोडली तेव्हा वडिलांनी केरसुणीचा दांडा घेतला. अण्णा खांबावर आपटला आणि त्याच्या नाकातून रक्त आलं. वडील थांबले, वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "पाह्यलास? सळी बाहेर पडते अहे." सळी म्हणजे इथल्या बोलीत कफ. मग आईची पाळी आली, कारण पोराच्या कानाला फडकं बांधायला ती विसरली होती.

स्वतः वडिलांना कधी सर्दी झाली नाही. नाक लाल व्हायचं, रुमाल भिजायचे, पण त्याला ते हवा बाधली म्हणत. हवेवर पट्टी उगारता येत नाही, तेव्हा चौकशी नसे. आम्ही त्या दिवसांत जरा सुखात असायचो.

मी पुढे ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत नोकरी केली, लग्न केलं नाही, हाताला येईल ते वाचत गेले. सर्दी विषाणूने होते, आणि तो दुसऱ्याच्या नाकातोंडातून येतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं साधं? कुणीतरी खोकतो, शिंकतो, त्याच हाताने दाराची कडी धरतो; आपण ती कडी धरून डोळा चोळतो, आणि झालं. ओल्या केसांतून तो उगवत नाही. केळ्यात तो राहत नाही. थंडीच्या दिवसांत सर्दी जास्त होते खरी. तेव्हा माणसं दारंखिडक्या लावून एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडत बसतात, आणि गार कोरड्या हवेत तो जरा अधिक टिकतो असंही म्हणतात. पण आधी त्या हवेत तो कुणीतरी सोडावा लागतो. म्हणजे आमच्या पाठीवरचे सगळे वळ फुकटचे होते. वडील तोवर गेले होते, नाहीतर मी ते पुस्तक त्यांच्या तोंडावर फेकलं असतं.

फ्लू ही आणखी वेगळी चीज. लोक वाढलेल्या सर्दीला फ्लू म्हणतात, ते चूक. सर्दी हळूहळू चढते, नाकात गुदगुल्या करते. फ्लू माणसाला उभ्या उभ्या पाडतो: सणकून ताप, हाडं फोडल्यासारखी अंगदुखी. मोठे बहुतेक उठून बसतात. पण म्हातारी माणसं आणि लहान पोरं यांच्या छातीत तो उतरला तर जिवावर बेततं. तेव्हा नुसत्या काढ्यावर भागत नाही.

हे सगळं मी अण्णाला सांगितलं होतं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. अण्णा पेन्शनीत निघाला होता. त्याची बायको कधीच वारली. मुलगा आखातात नोकरीला, आणि सून नि तिची एलकेजीतली पोर अण्णाकडे. मी त्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होते. वडिलांच्या हातचा सगळ्यांत जास्त मार ज्याने खाल्ला, त्याला मार म्हणजे काय हे कळायला हवं, असं मला वाटायचं. त्याला एवढंच कळलं होतं की मारणारा आपण असलो की दुखत नाही.

तै महिन्यात, म्हणजे पोंगलनंतर लग्नं सुरू झाल्यावर, अण्णा पापनाशमला एका लग्नाला गेला. माणसं एकमेकांना चिकटून बसलेली, पंखे बंद, कारण नवऱ्याच्या आजोबांना वारा सोसत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो आला तोच थडथडत. ताप, खोकला, कंबर धरलेली. औषधाच्या दुकानातून त्याने अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. मी म्हटलं, "अण्णा, त्या गोळ्या जिवाणूंना मारतात, ह्या तापाला त्यांचं काही कळत नाही." तो म्हणाला, "तू डॉक्टर अहेस की काय?" काही दिवसांनी ताप उतरला, जो एरवीही उतरलाच असता, आणि श्रेय गोळ्यांना गेलं.

ह्या आजारपणात पोर त्याच्या मांडीवर असायची. ती त्याची लाडकी होती, यात खोटं काही नाही. दहीभात कालवून तो एक एक उंडा तिच्या तळहातावर ठेवायचा. मध्येच खोकला आला की त्याच हातात खोकायचा, धोतराला हात पुसायचा आणि पुढचा उंडा ठेवायचा. सून सासऱ्याला मामा म्हणते. ती दारातून म्हणाली, "मामा, ताप उतरेपर्यंत तिज माझ्याकडे देतां?" त्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती स्वयंपाकघरात परत गेली.

त्याच आठवड्यात पोरीच्या शाळेत ॲन्युअल डे झाला. डोक्यात चमकी भरून ती घरी आली. सुनेने संध्याकाळी तिचे केस धुतले. वार मंगळवारही नव्हता नि शुक्रवारही नव्हता, आणि सांब्राणी संपलेली होती.

पोरीला ताप भरला तेव्हा मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होते. आतून अण्णाचा आवाज आला आणि माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. आवाज अण्णाचा होता पण शब्द वडिलांचे होते.

"पोरीच डोस्कं कोण भिजवलं?"

"चमकी होती, मामा. खाज सुटली होती."

"संध्याकाळी? धूर न दाखवतां?"

"मामा, आधी तुम्हांस ताप होता. तुमच्याकडून..."

चपराक मला पडवीत ऐकू आली. मी आत गेले तोवर दुसरी बसली होती. सून कपाटाला टेकून उभी होती, ओठ फुटलेला. पोर पलंगावर शिंकली, आणि अण्णाने त्या शिंकेसरशी वळून सुनेला तिसरी मारली, जणू शिंक तिनेच दिली होती. मी मध्ये पडले. त्याने मला कोपराने ढकललं. मी उतारवयाची बाई, धडपडत खुर्चीवर पडले. पोर डोळे मोठे करून आम्हा सगळ्यांकडे पाहत होती.

मग त्याने तिळाचं तेल तापत ठेवलं, लसूण घालून. आमच्याकडे तान्ह्या मुलांना पाजायला चांदीचं बोंडलं असतं, इथले लोक त्याला संगु म्हणतात. पोरांना तेलाने न्हाऊ घालताना त्याच बोंडल्याने नाकात तेल सोडायची जुनी रीत. तेल आत गेलं की कफ सुटून बाहेर येतो म्हणे. वडील आम्हाला तसंच करायचे. मला अजून आठवतं, डोक्याच्या आत कुणीतरी दिवा पेटवल्यासारखं व्हायचं.

"अण्णा, ते फुप्फुसांत जाईल," मी म्हटलं. "तेल नाकातून पोटात जात नाही, श्वासाबरोबर खाली जातं."

"अम्ही मेलों काय? तू मेलीस काय?"

त्याने पाय लांब केले, पोरीला नडग्यांवर उताणी घातली आणि गुडघ्यांत तिचं डोकं दाबून धरलं. ती पाय झाडत होती. सुनेने त्याचा हात धरला. त्याने झटका दिला तसं तिचं कपाळ दाराच्या चौकटीवर आदळलं. मी बोंडल्यावर झडप घातली, ओढून घेतलं, भिंतीवर फेकलं. पण उशीर झाला होता. निम्मं तेल आत गेलं होतं. पोर ठसकली, निळी पडली, तिच्या घशातून नुसतं घर्रर्र येत होतं. सुनेने तिला उचलून पालथी धरली आणि पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे श्वास परत आला. अण्णा धोतराला हात पुसत म्हणाला, "आता सुटेल."

दुसऱ्या दिवशी खोकला खरंच थांबला. ताप होता, पण खोकला नाही, शिंक नाही. अण्णा घरभर मिरवत होता. सुनेलाही क्षणभर खरं वाटलं असावं. तिने मला डोळ्यांनीच विचारलं. तेलाने खोकला थांबतो असं मी कुठे वाचलं नव्हतं, पण पोर तर शांत पडून होती.

दुपारी सून धुणं वाळत घालायला गेली तेव्हा मी पोरीपाशी बसले. तिने कूस बदलली आणि उशीत तोंड खुपसलं. तिची पाठ हलत होती. आधी मला वाटलं, रडते आहे. मी उशी ओढली. उशीच्या अभ्र्याचा बोळा तिने दातांत धरला होता, आणि तोंड मिटून, डोळ्यांतून पाणी काढून ती आतल्या आत खोकत होती.

"राजा, असं का गं?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. मग कुजबुजली, "मी खोकले की ताता अम्माला मारतात."

ताता म्हणजे आजोबा. इथे सगळी मुलं तसंच म्हणतात.

मी तिचा झगा वर केला. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, आणि श्वास इतका भरभर चालला होता की मोजायचा धीर मला झाला नाही. मी सुनेला हाक मारली. तिने पाहिलं, पोरीला उचललं आणि जशी होती तशी, ओल्या पदराने, निघाली.

अण्णा पुढच्या दारात उभा राहिला. "दवाखान्यात नळ्या घालतील. माझ्या पोरीला सुया टोचून मारतील. ताप अहे, घाम काढला की उतरेल. घोंगडी आण."

"मामा, सरा."

"ह्या घरातून माझ्या परवानगीशिवाय..." आणि त्याने हात उगारला. पोर आईच्या कडेवर होती. तिने डोळे गच्च मिटले आणि स्वतःच्या तोंडावर दोन्ही हात दाबले.

दाराचा लाकडी अडसर भिंतीला टेकून ठेवलेला असतो. तो मी उचलला आणि त्याच्या उगारलेल्या हातावर घातला. पूर्ण ताकदीनिशी घातला. कोपराच्या खाली काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि अण्णा उंबऱ्यावर बसला. तो ओरडलासुद्धा नाही. लहानपणी खांबापाशी पाहायचा तसा वर पाहत राहिला. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही. ज्याला येत असेल त्याने खुशाल करावी, माझ्याकडे मागू नये. आम्ही त्याला ओलांडून बाहेर पडलो आणि रिक्षा केली.

दवाखान्यात तिला लगेच प्राणवायू लावला. डॉक्टरबाईंनी घशातला नमुना घेतला, छातीचा फोटो काढला. फ्लू निघाला. आणि फोटोत खाली दोन्ही बाजूंना पांढुरकं काहीतरी. "नाकात काही घातलंत?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. मी सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. थकल्यासारख्या खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, "अजून घालतात लोक. तेल गेलं की छातीला पटकन कळत नाही, ते तिथेच बसून राहतं. फ्लूचं औषध मी देते. पण कफ बाहेर काढायचं काम हिच्या खोकल्याचं आहे. ही खोकत का नाही?"

सुनेने त्यांना ते सांगितलं नाही. मीही नाही. हे बाहेरच्यांना सांगायची आम्हाला सवय नव्हती.

ती रात्र आणि दुसरा दिवस कसा गेला ते लिहीत बसत नाही. पोरीची बोटं गार होती. डॉक्टरबाई येऊन म्हणत, खोक कण्णा, म्हणजे बाळा, जोरात खोक. पोर त्यांच्याकडे पाही, मग दाराकडे, आणि पांघरुणाचं टोक तोंडात घाली. नर्सने ते काढून घेतलं की ओठ दातांत धरी. आखातातून मुलाचा फोन आला. अण्णाला तो अप्पा म्हणतो; म्हणाला, अप्पा काय म्हणतात ते विचार. सुनेने फोन बंद करून पिशवीत टाकला.

संध्याकाळी अण्णा आला. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, दुसऱ्या हातात थर्मास. मिऱ्यांचं रसम करून आणलं होतं, एका हाताने. त्याने घसा सुखावतो, हे मी नाकारत नाही. पोरीने त्याला पाहिलं आणि तिचा श्वास अडकला. छाती वरखाली होत होती, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, आणि तोंड घट्ट मिटलेलं.

डॉक्टरबाई तिथेच होत्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात हिच्या आधी ताप कुणाला होता?"

आमच्या घरात हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला होता, पण ह्या शब्दांत कधी नाही. मग फुटलेल्या ओठाच्या सुनेने हात वर केला आणि बोटाने अण्णाकडे दाखवलं.

"ह्यांना," ती म्हणाली. "हे पापनाशमच्या लग्नातून घेऊन आले. ह्यांच्याच हातून तिने भात खाल्ला."

अण्णाचा धडका हात वर गेला. थर्मास खाली पडला. सगळा वॉर्ड पाहत होता, आणि त्याचा हात वरच होता. मी पुढे सरकले, पण पोर माझ्या आधी बोलली. प्राणवायूच्या मास्कमधून तिचा आवाज बारीक आला.

"ताता, मी नाही खोकत. पाहा, मी नाही खोकत."

हात खाली आला. अण्णाचं तोंड उघडं राहिलं. त्याला त्या क्षणी काय कळलं, किती कळलं, ते मला ठाऊक नाही, आणि सुनेने ते कळायची वाट पाहिली नाही. "मामा, बाहेर जा," ती म्हणाली. "आता अम्ही त्या घरात येणार नाहीं. तिरुवैयारुला माझ्या आईकडे जातों." आणि तिने खाटेभोवतीचा पडदा त्याच्या तोंडावर ओढला.

पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. खाली त्याचे पाय दिसत होते, सांडलेल्या रसममध्ये उभे. पोर कुशीवर वळून त्या पायांकडे पाहत होती. सून तिच्या पाठीवर हात ठेवून वाकली, "खोक, राजा. आता कोणी मारणार नाहीं." पोर हलली नाही. ओठ निळसर व्हायला लागले होते. डॉक्टरबाई पुढे झाल्या. मी पडद्यातून त्याला बाहेर ढकलायला निघाले होते, तेवढ्यात ते पाय वळले आणि ओले ठसे उमटवत दाराकडे गेले.

पोरीने ठसे वाळेपर्यंत वाट पाहिली असती, असं मला वाटलं. पण तिने आईकडे पाहिलं, आईचा गाल हाताने चाचपला, आणि मग ती खोकली. आधी एकदा, घाबरत. कुणी धावून आलं नाही. मग दुसऱ्यांदा, आणि मग तिला थांबताच येईना. सगळं अंग गदगदा हलवत, वॉर्डातली माणसं उठून बसतील इतक्या मोठ्याने ती खोकत राहिली. डॉक्टरबाई म्हणाल्या, असंच, असंच. सून तिला धरून रडत होती आणि अजून, अजून म्हणत होती.